एक कंटेनर, अनेक हात

जानेवारी संपत आला की नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी या भागांत निर्यातीच्या द्राक्षांची तोडणी जोरात सुरू होते. सकाळी तोडलेले घड पॅकहाउसमध्ये येतात. तेथे ते निवडतात, खोक्यांत भरतात, शीतगृहात थंड करतात आणि मग शीत कंटेनरात घालून न्हावा शेवाकडे रवाना करतात. कंटेनरात तापमान शून्य अंशाच्या आसपास ठेवलेले असते. सुएझमार्गे युरोप गाठायला जहाजाला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि आफ्रिकेला वळसा घालावा लागला तर आणखी जास्त. द्राक्षे मात्र वेलीवरून उतरल्या क्षणापासून म्हातारी होऊ लागलेली असतात. म्हणून वाटेत वाया गेलेला प्रत्येक दिवस शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

या एका कंटेनरामागे किती जणांचे काम असते ते मोजून पाहू. बागायतदार, बागेची नोंदणी व तपासणी करणारा कृषी अधिकारी, कीटकनाशकांचा अंश तपासणारी प्रयोगशाळा, पॅकहाउस, निर्यातदार, कागदपत्रे सांभाळणारा कस्टम एजंट, ट्रेलरवाला, बंदरातील टर्मिनल, सीमाशुल्क खाते, जहाज कंपनी, बँक. एवढे सगळे असूनही यांतला कोणीही दुसऱ्याचा नोकर नाही. सर्वांचा मिळून एक साहेब नाही. तरीही सर्वांच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात. जुळल्या नाहीत तर कंटेनर जागचा हलत नाही.

अनेकांनी मिळून एकच नोंद ठेवायची, ती सर्वांना दिसायची आणि ज्याने त्याने आपापला भाग भरायचा, यासाठी आता संगणकाच्या प्रणाली आहेत. अशी प्रणाली विकत घेणे सोपे असते. ती लोकांच्या हाती रुळते की नाही हा खरा प्रश्न आहे. काही ठिकाणी ती रुळते, तर काही ठिकाणी उद्घाटनाची फीत कापली जाते आणि महिन्याभरात सगळे पुन्हा वहीकडे वळतात. असे का होते, ते या लेखात पाहू. शाळेत रोज कुठली ना कुठली माहिती भरणाऱ्या आपल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये.

प्रथम यंत्राची बाजू थोडक्यात पाहू, कारण अडचण तेथे फारशी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने एक प्रात्यक्षिक दाखवले. सभागृहात बसलेला तो आणि कित्येक मैलांवरच्या प्रयोगशाळेतला त्याचा सहकारी एकाच पडद्यावरच्या एकाच मजकुरावर एकत्र काम करत होते. माणूस चंद्रावर उतरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. कचेऱ्यांसाठी तयार केलेली ‘लोटस नोट्स’ ही प्रणाली बाजारात आली ती १९८९ मध्ये. योगायोगाने त्याच वर्षी २६ मे रोजी न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. म्हणजे एकत्र काम करण्याचे तंत्र अर्ध्या शतकाहून जुने आहे. उशीर झाला तो माणसांच्या बाजूने, आणि त्याला सबळ कारणे होती.

जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने १९८८ साली यातले मुख्य कारण नेमके पकडले. कचेरीतल्या बैठका आपोआप ठरवणाऱ्या प्रणालीचे उदाहरण त्याने घेतले होते. साहेबाला सर्वांची बैठक बोलवायची आहे. कोण केव्हा मोकळा आहे हे प्रणालीला ठाऊक असेल तर साहेबाचे काम क्षणात होते. पण ते तिला ठाऊक व्हायचे तर प्रत्येकाने आपली दिनदर्शिका रोज संगणकात भरली पाहिजे. ज्यांनी कधी बैठक बोलावलीच नाही त्यांनीही ती भरायची. कष्ट एकाचे आणि सोय दुसऱ्याची. मग लोक दिनदर्शिका भरत नाहीत, अर्धवट माहितीवर ठरवलेल्या बैठका फसतात आणि प्रणाली बाद ठरते. दोष प्रोग्रॅमचा नव्हता, कामाच्या वाटणीचा होता.

पुढे वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्स कशी वापरली जाते याचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. या कंपनीत बढतीसाठी प्रत्येकाची प्रत्येकाशी स्पर्धा होती. शिवाय प्रत्येक तासाचा हिशेब ग्राहकाच्या नावावर मांडावा लागे. आपल्याला ठाऊक असलेली युक्ती सर्वांसाठी लिहून ठेवायला लागणारा तास कोणाच्या खाती टाकायचा? आणि ती युक्ती प्रतिस्पर्ध्याला का द्यायची? परिणाम असा झाला की ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी आणलेली प्रणाली बहुतेकांनी केवळ स्वतःच्या सोयीसाठी वापरली. माणसे आळशी नव्हती. त्या कचेरीच्या नियमांत त्यांचे वागणे अगदी शहाणपणाचे होते.

आता द्राक्षांकडे परत येऊ. २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याची तक्रार युरोपातून आली. तेथील मर्यादा किती काटेकोर आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो: ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचे प्रमाण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. शंभर टन द्राक्षांत, म्हणजे सुमारे सात कंटेनरांत मिळून, एक ग्रॅम! एका बागेतील चुकीच्या फवारणीने सगळ्या महाराष्ट्राचा माल संशयात येऊ शकतो. तेव्हा दोषी बाग कोणती हे सांगता येणे सर्वांच्याच हिताचे होते. सुरुवातीला ही तपासणी कागदांवर चाले. २००६ मध्ये ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही इंटरनेटवरची प्रणाली आणली. बागेची नोंद कृषी खात्याने करायची, नमुन्याचा निकाल प्रयोगशाळेने थेट तेथेच भरायचा आणि पॅकहाउसने कोणत्या बागेचा माल कोणत्या खोक्यांत गेला ते लिहायचे. निकाल मर्यादेबाहेर असेल तर ती बाग प्रणालीतच अडते आणि पुढचे प्रमाणपत्र निघत नाही. युरोपातल्या दुकानात पोचलेल्या खोक्यापासून मागे मागे येत निफाडच्या बागेपर्यंत पोचता येते.

ग्रेपनेट रुजले, आणि त्याचे कारण ग्रुडिनच्या कसोटीवर तपासता येते. येथे भरणाऱ्याचा आणि लाभणाऱ्याचा संबंध तुटलेला नव्हता. नोंद नाही तर निर्यात नाही. आणि नोंद असली तर शेजारच्या बागेच्या चुकीची शिक्षा आपल्याला होत नाही. शिवाय तीच नोंद वहीत आणि संगणकात अशी दोनदा करण्याचा पर्यायच उरला नाही. तरीही प्रणाली म्हणजे सर्वज्ञ देव नव्हे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाचा अंश सापडल्याने युरोपात आपली द्राक्षे पुन्हा अडली. तपासायच्या रसायनांच्या यादीतच ते नव्हते! जे विचारले नाही त्याचे उत्तर कोणतीही प्रणाली देत नाही. उत्पादकांना त्या वर्षी मोठा फटका बसला आणि यादी सुधारावी लागली.

आता कंटेनर घाट उतरून न्हावा शेवाला येतो. देशातील प्रमुख बंदरांत हाताळल्या जाणाऱ्या कंटेनरांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या या बंदरातून जातात. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग पाहिली की ही गोष्ट आकड्यांशिवायही पटते. अशा हजारो पेट्यांतून आपली पेटी कोणती, हे सर्वांनी एकाच पद्धतीने सांगितले पाहिजे. एकत्र कामाची ही पहिली अट आम्हांला फार महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. एकाच वस्तूला दोन कचेऱ्यांत दोन नावे असली तर प्रणाली कितीही चांगली असो, ती कोलमडते.

कंटेनरांच्या बाबतीत हा प्रश्न जगाने फार सुरेख सोडवला आहे. प्रत्येक पेटीवर चार रोमन अक्षरे आणि सात अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक चौकटीत लिहिलेला असतो. तो क्रमांकाचा भाग नाही, क्रमांकाचा पहारेकरी आहे. हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

अक्षरांना किमती दिलेल्या आहेत: ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, सी १३, आणि असेच पुढे. मात्र ११, २२ व ३३ या ११ च्या पटीतल्या संख्या वगळायच्या. त्या ठेवल्या तर ते अक्षर बाकीत काहीच भर घालणार नाही. त्यामुळे झेडची किंमत ३८ येते. आता सीएसक्यूयू ३०५४३८ हा क्रमांक घेऊ. सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. या चार किमती आणि पुढचे सहा अंक अशा दहा संख्यांना डावीकडून अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ आणि ५१२ यांनी गुणायचे. गुणाकार येतात १३, ६०, ११२, २५६, ४८, ०, ३२०, ५१२, ७६८ आणि ४०९६. बेरीज ६१८५. तिला ११ ने भागले की बाकी उरते ३. म्हणून चौकटीत ३ हा अंक. (बाकी १० आली तर ० लिहितात.)

आता समजा, लिहिताना कारकुनाच्या हातून ५४ चे ४५ झाले. बेरीज ६४ ने वाढून ६२४९ होते आणि बाकी १ येते. चौकटीत तर ३ आहे. संगणक ताबडतोब ओरडतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर अशी चूक जवळजवळ नेहमी पकडली जाते, कारण ११ ही मूळ संख्या आहे आणि हे दहा गुणक ११ ने भागल्यावर दहा वेगवेगळ्या बाक्या देतात. पहारेकरी कधी फसतो ते विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. ए आणि के या अक्षरांच्या किमतींतील फरक पाहा, एवढी खूण पुरे. नवी मुंबईच्या मुलांना तर उरण फाट्यावर किंवा कळंबोलीला उदाहरणांचा तोटा नाही. रस्त्यापासून अंतर राखून दहा क्रमांक टिपून आणायचे आणि वर्गात पडताळायचे.

हा क्रमांक सर्वांनी मान्य केल्यावर मग प्रणालींना अर्थ येतो. २०१६ पासून न्हावा शेवाच्या कंटेनरांवर रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या पट्ट्या लावल्या जाऊ लागल्या. त्यामुळे पेटी कोठे आहे हे मालकाला घरबसल्या कळते. त्याच वर्षी १ एप्रिलला सीमाशुल्क खात्याने ‘एक खिडकी’ योजना सुरू केली. पूर्वी आयात करणाऱ्याला अन्न, औषधे, वनस्पती, प्राणी अशा सहा वेगवेगळ्या यंत्रणांचे मिळून नऊ अर्ज वेगळे भरावे लागत. त्यांच्या जागी एकच निवेदन आले. डिसेंबर २०१८ मध्ये देशातील बंदरांसाठी सामाईक प्रणालीची नवी आवृत्ती आली. या सगळ्यांत आम्हांला ‘एक खिडकी’ सर्वांत शहाणपणाची वाटते. कारण तिने भरणाऱ्याचे काम आधी कमी केले आणि मग त्याच्याकडे माहिती मागितली. बहुतेक योजनांत हा क्रम नेमका उलटा असतो.

आता नवी मुंबईतल्याच एका शाळेचा अनुभव सांगतो. आमच्यापैकी काही जण त्यात होते. पाचवी ते दहावीच्या गुणांसाठी एक सामाईक तक्ता संगणकावर ठेवायचे ठरले. जूनमध्ये अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण झाले, चहा-बिस्किटे झाली. ऑगस्टअखेर निम्मे रकाने रिकामे होते. कारण काढले तेव्हा कळले की शिक्षक तेच गुण आधी वहीत, मग तक्त्यात आणि शेवटी पुन्हा निकालपत्रकावर असे तीनदा लिहीत होते. तक्त्याचा उपयोग होता मुख्याध्यापकांना, कारण त्यांना बसल्या जागी सर्व वर्ग दिसणार होते. वर्गशिक्षकाला त्यातून काय मिळत होते? आणखी एक रांग. शिवाय एका शिक्षिकेने मुले हजेरी क्रमांकाने नोंदवली होती, दुसऱ्याने जनरल रजिस्टरच्या क्रमांकाने, तिसऱ्याने नुसत्या नावाने. एका तुकडीत एकाच नावाची तीन मुले होती. चौकटीतला पहारेकरी अंक आम्हांला तेव्हा ठाऊक असता तर!

दुसऱ्या वर्षी आम्ही फक्त आठवीच्या दोन तुकड्या घेतल्या. सर्वांनी जनरल रजिस्टरचाच क्रमांक वापरायचा असे ठरले. मुख्य म्हणजे मुख्याध्यापकांनी वहीची सक्ती काढून टाकली. तक्त्यात गुण भरले की बेरीज, शेकडेवारी आणि निकालपत्रक आपोआप निघू लागले. दिवाळीपूर्वी निकाल लिहिण्याच्या ज्या तीन रात्री असत, त्या वाचल्या. मग सातवीचे शिक्षक आपण होऊन विचारायला आले. प्रशिक्षण वेगळे लागलेच नाही. मधल्या सुट्टीत चित्रकलेचे सर शेजारी बसून दाखवत. अमेरिकेत आयोवातल्या शेतकऱ्यांनी मक्याचे संकरित बियाणे कसे स्वीकारले याचा एक गाजलेला अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातही हेच दिसले होते की नव्या बियाण्याची बातमी विक्रेत्याकडून कळते, पण भरवसा बसतो तो शेजाऱ्याचे शेत पाहून.

एक गोष्ट मात्र आमच्या हिशेबात नव्हती. तक्त्यात गैरहजेरीही दिसू लागली होती. एका मुलीच्या नावापुढे मराठी, भूगोल आणि शास्त्र या तीन विषयांच्या चाचण्यांत ‘अनु.’ असे होते. प्रत्येक शिक्षकाला वाटले होते की आपल्याच चाचणीला ती एकदा आली नसेल. एका ओळीत शेजारी शेजारी पाहिल्यावर लक्षात आले की तिन्ही चाचण्या शेवटच्या दोन तासिकांत झाल्या होत्या. वर्गशिक्षिका तिच्या घरी गेल्या. आईची कामाची पाळी बदलली होती आणि धाकट्या भावाला बालवाडीतून आणायला ही रोज मधल्या सुट्टीनंतर निघून जात होती. वार्षिक परीक्षेपर्यंत हे कोणाच्याच ध्यानात आले नसते, आणि मग पुढच्या जूनमध्ये पट कमी का झाला याची चर्चा झाली असती. बालवाडीच्या बाईंनी मुलाला तासभर थांबवून घेण्याचे कबूल केले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी वहीत शिक्षक मुलांविषयी मोकळेपणाने शेरे लिहीत: ‘गणिताची भीती वाटते’, ‘घरी भांडणे आहेत’. सामाईक तक्त्यात हे शेरे बंद झाले. सर्वांना दिसणार म्हटल्यावर माणूस ‘समाधानकारक’ एवढेच लिहितो. ते योग्यच होते. घरची भांडणे वीस जणांनी वाचायची गोष्ट नाही. आम्ही शेऱ्यांची वही पुन्हा सुरू केली आणि ती वर्गशिक्षकाच्या कपाटात ठेवली. काय सामाईक करायचे यापेक्षा काय करायचे नाही हे ठरवायला आम्हांला जास्त बैठका घ्याव्या लागल्या.

आणि सगळे एका ठिकाणी ठेवल्यावर ते ठिकाणच बंद पडले तर? २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाने हे पाहिले आहे. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला आणि काही तासांत जगभरातील मार्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले. न्हावा शेवाचे एक टर्मिनल याच समूहाकडे होते. तेथील संगणकही थांबले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमशी उरणच्या ट्रेलरवाल्याचा काय संबंध? पण रांग त्याच्याच ट्रेलरची लागली. टर्मिनलमध्ये कोणती पेटी कोठे ठेवली आहे हे संगणकालाच ठाऊक असते. कामगारांनी हाताने नोंदी करून जमेल तेवढे काम चालू ठेवले, काही जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. कंपनीने पुढे सांगितले की सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्या दिवसांत कंपनीची माणसे आपापल्या फोनवरून, व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना आकडे कळवत होती. एकत्र काम करण्याची सवय लागलेली होती म्हणूनच ते जमले, असे आमचे मत आहे.

आमच्या शाळेत आता दर शुक्रवारी शेवटच्या तासिकेनंतर तक्त्याची एक छापील प्रत निघते आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटात जाते. सोमवारी जुनी प्रत रद्दीत टाकण्यापूर्वी शिपाईकाका ती फाडून टाकतात, कारण मुलांचे गुण भेळेच्या पुड्यात सापडू नयेत हा त्यांचाच आग्रह आहे.